वेलांटीबाईंची माफी

बाई लग्नाच्या पत्रिकासुद्धा तपासायच्या. कुणी पत्रिका घेऊन आलं की आधी त्याला पाणी द्यायच्या, मग पर्समधून लाल पेन काढायच्या आणि नवरा-नवरीचं नाव वाचण्याआधी ‘आशिर्वाद’मधली पहिली वेलांटी दुसरी करून ठेवायच्या. मग ती पत्रिका देणाऱ्यालाच दाखवायच्या. पाचशे पत्रिका छापून झालेल्या असत, त्यामुळे त्या दुरुस्तीचा कुणाला काही उपयोग नसे. बाईंना ते मान्य नव्हतं. “धाकटीच्या लग्नात तरी बरोबर छापाल,” असं म्हणून त्या पेनाचं टोपण लावायच्या.

तीर्थपुरीत त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं. आमच्या शाळेत त्या बावीस वर्षं मराठी शिकवत होत्या. गावातल्या एका दुकानावर ‘पीठाची गीरणी’ अशी पाटी होती. बाई दळण न्यायला गेल्या की डबा खाली ठेवून आधी त्या पाटीकडे बघत उभ्या राहत. बोलत काहीच नसत. तीन वर्षांनी गिरणीवाल्यानं पाटी नवी रंगवून घेतली आणि रंगाऱ्याला बाईंकडे पाठवून दोन्ही शब्द कागदावर लिहून आणायला लावले.

बाई मूळच्या जालन्यातल्या, मस्तगड मोहल्ल्यातल्या. घरात उर्दू बोलत, चौथीपर्यंत शाळाही उर्दूच होती. मराठी पाचवीत आली, आणि नंतर तेच त्यांचं काम झालं. त्यांचं नाव ऐकून लोक हमखास विचारत, “म्हणजे उर्दू शिकवता का?” एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनीही विचारलं. बाई म्हणाल्या, “मराठी. आणि आपल्या शेऱ्यात परीक्षणाची री पहिली झाली आहे, ती दुसरी हवी.” साहेबांनी मुकाट्यानं री दुरुस्त केली. हा किस्सा शिपायानं गावभर केला.

एवढ्या कडक असूनही त्या आमच्या बोलण्याला कधी हसल्या नाहीत. मी आठवीत असताना एकदा उभी राहून म्हणाले, “बाई, मी निबंध आणला न्हाई.” वर्गात डॉक्टरांची मुलगी होती, ती ‘न्हाई’वर हसली. बाईंनी तिला गप्प केलं आणि मला म्हणाल्या, “संगीता, तुझी आई घरी ‘न्हाई’च म्हणत असेल ना? मग घरी तेच म्हण. वहीत ‘नाही’ लिही. दोन्ही तुझंच आहे.” मी आज जालन्याच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझ्या तोंडात अजूनही घरी एक भाषा असते आणि वर्गात दुसरी, आणि त्याची मला लाज वाटत नाही, ते त्या एका वाक्यामुळे.

निवृत्तीनंतर बाई मस्तगडला भाच्याकडे राहायला आल्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. खाली दुकान, वर घर, लोखंडी जिना. भाच्याची बायको शबाना त्यांना आपा म्हणायची आणि त्यांचं सगळं बघायची. मी एखाद्या रविवारी जायचे. बाई माझ्या कॉलेजच्या प्रश्नपत्रिका मागून घ्यायच्या आणि जीवशास्त्रातल्या वेलांट्या तपासायच्या.

अशाच एका रविवारी त्यांनी माझ्या प्रश्नपत्रिकेतला ‘परीक्षा’ हा शब्द लाल पेनानं खोडून ‘परिक्षा’ केला. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच तो कागद पुन्हा ओढून घेतला, पुष्कळ वेळ बघितला आणि घडी घालून उशीखाली ठेवला. शबाना नंतर जिन्यात म्हणाली की आपा दिवसातून दोनदा आंघोळ करतात, पहिली केलेली लक्षात राहत नाही. भाच्यानं त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, आजाराचं नाव कळलं. वयानुसार होणारं विसरणं नव्हतं ते, वाढत जाणारं होतं.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा बाईंनी नवी वही आणून ठेवली होती. म्हणाल्या, “डॉक्टर माझ्या भाच्याशी बोलले, माझ्याशी नाही. मेंदूत नेमकं काय होतं ते तू मला सांग. वर्गात सांगतेस तसं. मी लिहून घेते.”

मी सांगितलं. मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीकशी फट असते. अलीकडच्या पेशीतून रसायन सुटतं, ते फट ओलांडतं आणि पलीकडची पेशी जागी होते. अशा जागेला पुस्तकात संपर्कस्थान म्हणतात. “सरकारी कचेरीसारखा शब्द आहे,” बाई म्हणाल्या, “जोड म्हण.” मग मी जोड म्हणाले. जो जोड वारंवार वापरला जातो तो पक्का होतो, वापरात नसलेला सैल पडतो आणि कधी मोडतोही. लहानपणी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोड असतात. नको असलेले मेंदू स्वतःच छाटून टाकतो, तसं केल्याशिवाय मूल नीट शिकू शकत नाही. म्हणजे जोड बदलत राहणं, काही जाणं हे रोजचंच आहे. या आजारात मात्र जे हवे असतात तेही जायला लागतात, पेशी मरण्याच्या आधीपासून. नवीन गोष्ट धरून ठेवणारा भाग सुरुवातीलाच कमजोर होतो. जुन्या गोष्टी उशिरापर्यंत टिकतात, कारण त्यांचे जोड वर्षानुवर्षं वापरलेले असतात.

बाईंनी हे सगळं वळणदार अक्षरात उतरवून घेतलं. ‘छाटणे’ या क्रियापदाखाली रेघ मारली, चांगलं आहे म्हणाल्या. मग विचारलं, “म्हणजे मराठी आधी जाईल आणि उर्दू नंतर?” मी म्हणाले, तसं होऊ शकतं, प्रत्येकाचं वेगळं असतं. त्या हो म्हणाल्या.

“आणि केलेल्या चुका? त्या कधी जातात?”

मी सांगितलं की मनाला खोल लागलेलं फार चिवट असतं. पण शेवटी तेही जातं.

बाईंनी वही मिटली. “अशोक आठवतो तुला?” त्यांनी विचारलं. मला आठवत होता. मला वाटलं होतं की त्या विसरल्या असतील.

अशोक आठवीत आमच्याच वर्गात होता. त्याची आई दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायची. तो मागे बसायचा आणि बोलायचा फारच कमी. बाईंनी ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध दिला. वह्या तपासून आणल्या त्या दिवशी त्यांनी अशोकला उभं केलं आणि कोणत्या गाईडातून उतरवलास, असं विचारलं. तो म्हणाला, “म्याच लिव्हला.” बाई म्हणाल्या, ज्याच्या प्रत्येक ओळीत चार चुका असतात त्याच्या दोन पानांत एकही चूक नाही, हे कसं? बाईंनी पानावर लाल अक्षरात ‘नक्कल’ असं लिहिलं आणि वही वर्गाला दाखवली. आम्ही हसलो. मीही हसले, हे इथं लिहायला हवं. दिवाळीच्या सुट्टीनंतर अशोक शाळेत आला नाही.

“आठ दिवसांनी मी बाजारातली तीनही गाईडं चाळली,” बाई म्हणाल्या. “तो निबंध कुठंच नव्हता. तेव्हा त्याच्या घरी जाऊ शकत होते. गेले नाही. बाईंनी मुलाच्या दारात जायचं का, असं वाटलं. माझं नाव ऐकून लोक माझ्या मराठीवर शंका घ्यायचे. मी त्याचे कपडे बघून, आडनाव बघून तेच केलं.” मग म्हणाल्या, “हे विसरले की मी मोकळी होईन, संगीता. तो होणार नाही. विसरण्याआधी मला त्याच्याकडे जायला हवं.”

अशोकला शोधणं अवघड नव्हतं. तीर्थपुरीतच त्याचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. जळालेली मोटार उघडून आतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हे त्याचं काम. आम्ही सकाळच्या एसटीनं अंबडवरून गेलो. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि वाटेत दोनदा विचारलं की आपण कुठं चाललो आहोत. दुकानापाशी पोचलो तेव्हा मात्र त्यांना सगळं लख्ख माहीत होतं.

अशोकनं ओळखलं. हात पुसले, खुर्ची पुसली, शेजारच्या हॉटेलात चहा सांगितला. मला तो मॅडम म्हणाला. बाई बसल्या नाहीत. उभ्यानंच बोलल्या.

“अशोक, उन्हाळ्यावरचा तो निबंध तुझाच होता. मी वर्गासमोर तुला चोर ठरवलं. चूक माझी होती, आणि ती कळूनही मी गप्प राहिले. माफी मागायला आले आहे.”

तो हातातल्या तारेकडे बघत होता. “जाऊ द्या बाई,” तो म्हणाला, “कव्हाचं हाय हे. माझी काही तक्रार न्हाई.” फार पटकन म्हणाला.

शाळा त्यामुळेच सोडलीस का, असं बाईंनी विचारलं. “ते बी होतं अन् घरचं बी होतं,” तो म्हणाला. मग म्हणाला, “तीन दिवस लागल्ते बाई. एक-एक शब्द पुस्तकात हुडकला अन् मंग लिव्हला. तुमाला वेलांटी चुकलेली चालत न्हाई म्हणून.”

बाई तेव्हा बसल्या. चहा आला तो त्यांनी घेतला. परतीच्या गाडीत त्या खूप बोलल्या, शाळेतल्या जुन्या गोष्टी सांगितल्या, अंबडला पेरू घ्यायला लावले. घरी गेल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, ‘अशोकला भेटले. माफी मागितली. तो तक्रार नाही म्हणाला.’ तारीख घातली. मला वाटलं, एक काम पार पडलं.

पुढच्या रविवारी मी गेले तर बाई साडी नेसून तयार बसल्या होत्या. “तीर्थपुरीला जायचं आहे,” म्हणाल्या, “अशोकला शोधायला हवं. माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे.” मी वही काढून पान दाखवलं. त्यांनी नीट वाचलं. “अक्षर माझं आहे,” त्या म्हणाल्या, “पण मला आठवत नाही. न आठवणाऱ्या माफीवर मी कसं समाधान मानू?”

मी वर्गात जे शिकवते तेच समोर घडत होतं, पण हे मला आधी सुचलं नव्हतं. चूक तीस वर्षांपूर्वीची होती आणि बाईंनी ती मनात रोज उगाळून पक्की केली होती. तिची क्षमा गेल्या आठवड्यातली होती. ती धरून ठेवायला आता जागा नव्हती.

मी अशोकला फोन केला. काय सांगावं कळत नव्हतं, तरी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “तार घ्यायला जालन्याला येतच असतो मी. बुधवारी येतो.” बुधवारी तो लोखंडी जिना चढून आला. बाईंनी दार उघडलं, त्यानं नाव सांगितल्यावर ओळखलं, बसवलं, आणि तीच माफी मागितली, जवळजवळ त्याच शब्दांत. अशोक म्हणाला, “माझी काही तक्रार न्हाई बाई.” बाईंचा चेहरा सैल झाला. दहा-पंधरा दिवस बरे गेले आणि मग शबानाचा फोन आला की आपांनी पुन्हा तोच धोशा लावला आहे.

असं अडीच वर्षं चाललं. दर पंधरवड्याला, कधी महिन्यानं, अशोक माल घ्यायला आला की मस्तगडला चक्कर मारायचा. बहुतेक वेळा मीही जायचे. प्रत्येक वेळी बाईंसाठी ती पहिलीच भेट असे. सुरुवातीला तो दारातच वाक्य उरकून निघायच्या घाईत असायचा. पुढं पुढं बसायला लागला. एकदा मी त्याला म्हणाले, तुझ्यावर हे बंधन नाही, फोनवरही बोललं तरी चालेल. तो म्हणाला, “फोनवर त्यांना तोंड दिसत न्हाई माझं. खोटं बोलून राह्यलो का खरं, कसं कळंल?”

एकदा बाईंनी मध्येच विचारलं, “पण तू लिहिलं काय होतंस? मला फक्त चुका नव्हत्या एवढंच आठवतं.” अशोक आधी लाजला. मग त्यानं सांगितलं. उन्हाळा आवडतो, कारण उन्हाळ्यात रानात वेचणी नसते आणि आई दुपारी घरी असते. ती भुईवर पटकूर टाकून झोपते, तेव्हा मी तिच्या पायापाशी बसतो. तिच्या बोटांना कापसाच्या बोंडांनी कापलेलं असतं ते उन्हाळ्यातच भरून येतं. पावसाळा सगळ्यांना आवडतो, पण पाऊस आला की आई जाते.

बाईंनी शेजारचं लाल पेन उचललं. मग म्हणाल्या, “दहापैकी नऊ.”

“एक कुठं गेला बाई?”

“तो मी कुणालाच देत नाही.”

तिघंही हसलो. शबाना आतून बघायला आली की झालं काय.

मराठी जायला लागली ती दुसऱ्या वर्षात. आधी जोडाक्षरं गेली, मग नावं, मग वाक्यं अर्ध्यात उर्दूकडे वळायला लागली. लाल पेन घेऊन त्या वर्तमानपत्रावर रेघा मारत बसायच्या, कुठल्याही शब्दाखाली. शेवटी शेवटी मी मराठीत बोलले की त्या पाहुण्याकडे बघावं तसं सभ्यपणे हसत. अशोकची माफी मात्र त्यांच्याबरोबर भाषा बदलून आली. “बेटा, मैंने तुम पे झूठा इल्जाम लगाया, माफ करो,” असं म्हणायच्या. अशोकही मोंढ्याच्या बाजारात हमालांशी बोलायचा तशा हिंदीत उत्तर द्यायचा, “कब का माफ किया आपा. दिल में कुछ न्हई.”

मग एका बुधवारी त्यांनी विचारलंच नाही. अशोक नेहमीच्या जागी बसला. बाई खिडकीतून खालची वर्दळ बघत होत्या. दहा मिनिटं गेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तो स्वतःच थोडा पुढं सरकून म्हणाला, “आपा, मेरी कुछ शिकायत न्हई.”

बाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर कसलंही ओझं नव्हतं. “कैसी शिकायत, बेटा?” त्यांनी विचारलं.

अशोकनं चहा घेतला आणि निघाला. मला वाटलं, आता तो येणार नाही, यायचं कारणच संपलं. पण तो येत राहिला. दर पंधरवड्याला यायचा, खुर्ची खिडकीपाशी ओढायचा आणि बाईंच्या शेजारी बसून तोही खालची वर्दळ बघायचा. हे चार-पाच महिने चाललं.

बाई थंडीत गेल्या, दोन दिवसांच्या तापानं. भाच्यानं मला कळवलं, मी अशोकला कळवलं. तो दुकान बंद करून आला. पुरुष कब्रस्तानात गेले. मी फाटकाबाहेर, समोरच्या पानटपरीच्या आडोशाला उभी राहिले. सगळे एक-एक करून बाहेर पडले, अशोक सर्वांत शेवटी आला. त्याच्या दोन्ही हातांना माती लागली होती. फाटकाजवळच्या नळावर त्यानं हात धुतले, बराच वेळ धूत राहिला, आणि रुमालाला पुसत माझ्यापाशी आला.

“संगीता, एक सांगू का,” तो म्हणाला. “त्या पहिल्यांदा दुकानात आल्या ना, तव्हा तक्रार न्हाई म्हणलो, ते खोटं होतं. राग होता मला. लई होता. म्हातारं माणूस दारात आलंय, उन्हाचं आलंय, म्हणून म्हणलो. दुसऱ्यांदा बी तसंच. तिसऱ्यांदा बी.”

त्यानं रुमालाची घडी केली.

“मंग म्हणता म्हणता खरं झालं,” तो म्हणाला. “कितव्यांदा झालं, ते मात्र ध्यानात न्हाई.”